आप्पांचा आवाज कुणाच्या हातात

स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आप्पांनी विचारलेला पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हता.

"म्हणजे पुकारा करता यायचा न्हाय?"

डॉक्टरांना पुकारा म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "वडील मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारतात." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही येणार," ते म्हणाले. "पण जेवता येईल, चालता येईल, नातवंडं खेळवता येतील."

"नातवंडं अजून कुठं हायेत," आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले, आणि आईने तिथल्या तिथे पदराने डोळे पुसता पुसता मान हलवली.

आम्ही धायरीचे. जमीन होती तेव्हा आजोबा शेती करायचे. जमिनीचे प्लॉट पडले, आणि आप्पा एका अडत्याकडे कामाला लागले ते आवाजाच्या जोरावरच. गोण्यांच्या ढिगावर उभे राहून ते भाव पुकारायला लागले की शेडच्या दुसऱ्या टोकाचा व्यापारीही मान वर करायचा. घरी मात्र ते हळू बोलायचे, जवळजवळ पुटपुटायचे. आई म्हणायची, "सगळा आवाज बाजारात सांडून येतात."

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. सकाळी सिंहगड रोडला कंपनीची बस पकडायची, संध्याकाळी परत. आमच्या टीमचे प्रमुख पन्नाशीकडे झुकलेले, सदाशिव पेठेतले गृहस्थ होते. कमी बोलायचे, आणि जे बोलायचे त्यातलं निम्मं लागायचं. वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा मागायला मी त्यांच्याकडे गेले. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "रजा घ्याच. पण ऑपरेशनच्या आधीची घ्या."

"आधीची कशाला?"

"अहो, नंतर तुम्ही फक्त शेजारी बसणार. आत्ता आवाज आहे, तो भरून ठेवा." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक मायक्रोफोन आणला. तो फडक्यात नीट गुंडाळलेला होता. त्यांच्या पत्नी गाणं शिकवायच्या, तो त्यांचा होता. "परत केलात तर बरं," एवढंच म्हणाले.

मागच्या खोलीत मी खिडकीला दोन गोधड्या टांगल्या, रस्त्यावरचा आवाज अडावा म्हणून. आप्पा खुर्चीत ताठ बसले, फोटो काढायला बसावं तसे. घसा आधीच बसका झाला होता. मी म्हणाले, "आप्पा, बोला." त्यांनी छाती भरून घेतली आणि असा काही पुकारा केला की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेषा वरून खालून कापली गेली.

"आप्पा, हळू! माईक समोरच आहे."

"हळू बोलून मागच्याला ऐकू कसं जाईल?"

"मागे कुणी नाही. आपण घरात आहोत."

"मग घरात काय बोलू?"

हा प्रश्न खरा होता. माणूस रोज घरात काय बोलतो, हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही. आप्पा म्हणाले, "चहा दे." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाणी आलं का." पुन्हा गप्प. शेवटी आई हात पुसत दारात आली. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती नेहमीच्या सुरात म्हणाली, "अहो, आज उशीर का झाला?"

"ट्रक फसला व्हता गेटापाशी," आप्पा सहज बोलून गेले.

"जेवायला वाढू?"

"वाढ. पोरगी आली का?"

"यायचीय अजून."

"मग थांबू की. घाई काय हाय."

मी श्वास रोखून बसले. रेकॉर्डिंग चालू होतं. आई दाराच्या चौकटीला टेकून, काल-परवाची, गेल्या वर्षीची, कुठलीही गोष्ट काढत गेली आणि आप्पा उत्तरं देत गेले. मध्येच भांडलेही, दोडक्यावरून. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत रोज दुपारी हेच चाललं. शेवटी शेवटी त्यांचा आवाज दमायचा, मग आई म्हणायची, "राहू दे आता, उद्या भांडू."

ऑपरेशन नीट झालं. आप्पांच्या गळ्याला खाली एक भोक राहिलं, श्वास घ्यायला. त्यावर आई रोज धुतलेलं पांढरं फडकं बांधायची. घरात एक पाटी आली. आप्पांचं अक्षर मोठं आणि सावकाश. ते लिहून होईपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असायचं, आणि मग ते पाटी तशीच पुसून टाकायचे. ते पुसणं मला बघवत नसे.

सुट्टीच्या दिवशी बसून मी प्रोग्रॅम लिहायला घेतला. पडद्यावर मोठी मोठी बटणं. एकेक बटण दाबलं की आप्पांचं एकेक वाक्य. आप्पांना दिसावं म्हणून अक्षरं मोठी. हे काम अवघड नव्हतं. आवाज वाजवण्याचं काम मात्र मी स्वतः लिहिलं नाही, ते कुणीच स्वतः लिहीत नाही. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्यांनी लिहून, पारखून ठेवलेला प्रोग्रॅमचा तयार भाग, जो आपण आपल्या कामात वापरतो. आणि ती वापरायचे दोन मार्ग असतात. एक स्टॅटिक: आपला प्रोग्रॅम बांधताना लायब्ररीतला लागेल तेवढा भाग आतच शिवून टाकायचा. फाईल जाड होते, पण कुणावर अवलंबून राहत नाही. दुसरा डायनॅमिक: लायब्ररी कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या फाईलमध्ये पडून असते, आपला प्रोग्रॅम चालू झाला की तिला हाक मारतो. इतर प्रोग्रॅमही तिलाच हाक मारतात. जागा वाचते, आणि लायब्ररी सुधारली की सगळ्यांचंच काम सुधारतं.

ऑफिसात आम्ही कायम डायनॅमिक करायचो. हात त्याच वळणाचा झालेला. आप्पांच्या प्रोग्रॅमलाही मी तेच केलं, दुसरा विचार मनातही आला नाही.

ओळखीतून एक जुना, जाडजूड लॅपटॉप मिळाला. आईने त्याला खाकी कापडाची पिशवी शिवली, खांद्याला अडकवायचा पट्टा लावून. पहिल्यांदा आप्पांनी बटण दाबलं ते "जेवायला वाढू नको, पोरगी येऊ दे" हे. मी समोरच बसले होते. आई म्हणाली, "आली आहे ती, डोळे फुटले का?" आणि मग ती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आप्पा पिशवी घेऊन मार्केट यार्डात गेले. मीही गेले, लॅपटॉप बिघडला तर म्हणून. अडत्याच्या गाळ्यासमोर त्यांनी गोणीवर लॅपटॉप ठेवला आणि बटण दाबलं, "राम राम मंडळी!" हे वाक्य त्यांनी बाजारातल्या आवाजात भरलं होतं. हमाल थांबले. एक म्हातारा व्यापारी जवळ आला, आप्पांच्या गळ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. म्हणाला, "परत लाव की गड्या." आप्पांनी परत लावलं. अडत्याने त्यांना लिलावाऐवजी गाळ्यावरचं माल बघायचं काम दिलं. आप्पा रोज पिशवी घेऊन जायला लागले, आणि पाटी मागच्या खोलीत खिळ्याला लटकली.

त्याच सुमारास आई माझ्या लग्नाच्या मागे लागली होती. शेजारच्या काकूंनी तिला एक सीडी दिली, कुंडली जुळवायची. घरात कॉम्प्युटर एकच, आप्पांचा लॅपटॉप. मी ऑफिसात होते. काकूंच्या पुतण्याने येऊन सीडी घातली, कुंडलीचा प्रोग्रॅम बसवला. तो चालू झाला की आधी घंटा वाजायची, मग एक श्लोक. आईला ते फार आवडलं. आलेल्या स्थळाची पत्रिका तिने लगेच जुळवून पाहिली. जुळत नव्हती, पण तिची तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी चहाचं बटण दाबलं. लॅपटॉपमधून एक चिरका, भरभर आवाज आला, चिमणीने "चहा दे" म्हणावं तसा.

आप्पांनी पुन्हा दाबलं. तेच. मग आई हसायला लागली. तिला थांबताच येईना, ओट्याला धरून ती हसत होती. आप्पांचेही खांदे हलायला लागले. ऑपरेशननंतर ते हसले की आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. त्यांनी मुद्दाम "घाई काय हाय" दाबलं. ते तर इतक्या घाईने वाजलं की मीही हसत सुटले.

मग आप्पांनी "राम राम मंडळी" दाबलं. चिरक्या आवाजात ते ऐकलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. मागच्या खोलीत गेले, खिळ्यावरची पाटी काढून आणली आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच मोठं, सावकाश.

"माझा आवाज कुणाच्या हातात हाय?"

त्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत.

काय झालं होतं ते शोधायला मला फार वेळ लागला नाही. कुंडलीच्या प्रोग्रॅमलाही घंटा वाजवायला तीच लायब्ररी लागत होती, आणि त्याने सोबत आणलेली तिची जुनी आवृत्ती सगळ्यांच्या सामायिक जागेत, नव्या आवृत्तीच्या डोक्यावर बसवून टाकली होती. जुन्या आवृत्तीला आप्पांचं रेकॉर्डिंग कुठल्या वेगाने वाजवायचं तेच कळत नव्हतं. आप्पांची वाक्यं जागच्या जागी सुखरूप होती. आवाजाच्या फायलीला धक्का लागला नव्हता. पण हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, "मग वाईट का वाजतं?"

आईने ती सीडी देव्हाऱ्यामागे ठेवून दिली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. आप्पांनी पाटीवर लिहिलं, "पोरीचं लगीन नको करू का मग?" आणि तिच्या पुढ्यात धरलं.

सोमवारी डबा खाताना मी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. ते पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले.

"स्टॅटिक करते," मी म्हणाले.

"ऑफिसात कुणी असं म्हणालं तर तुम्हीच त्याला नाही म्हणाल."

"हो. पण..."

"आधी ऐका. आपण डायनॅमिक का करतो? आपला प्रोग्रॅम कितीतरी यंत्रांवर बसलेला असतो. लायब्ररीत एक चूक निघाली तर एक फाईल बदलायची, सगळीकडे दुरुस्त. स्टॅटिक केलं असतं तर प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा बांधा, प्रत्येक ठिकाणी पुन्हा पोचवा. विसरलात एखाद्या ठिकाणी, तर तिथे ती चूक जन्मभर नांदते. हे लक्षात ठेवून निवड करायची. मेसमध्ये जेवायचं की घरून डबा न्यायचा, तसंच आहे. मेसचा आचारी चांगला निघाला तर सगळ्यांची चैन. बदलला तर सगळ्यांचे हाल."

"आमच्याकडे आचारी बदललाय."

"दिसतंयच." त्यांनी पोळीचा तुकडा अखेर तोंडात टाकला. "तुमचा हा प्रोग्रॅम किती जण वापरतात?"

"एक."

"आणि त्या एकाचं म्हणणं काय?"

मी पाटीवरचं वाक्य सांगितलं. त्यांनी डबा बंद केला, हात धुतले, आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "बांधताना अडलं तर विचारा. त्या लायब्ररीचं स्टॅटिक बांधणं जरा किचकट आहे. मी केलंय एकदा, तरुणपणी."

अडलंच. दोन संध्याकाळ ते माझ्याबरोबर थांबले आणि बस चुकवली. तयार फाईल पाहून म्हणाले, "बाळसं चांगलं धरलंय." आधीच्या कितीतरी पट जाड झाली होती ती.

मी घरी येऊन नवा प्रोग्रॅम बसवला. आप्पांनी बटण दाबलं. त्यांचा आवाज आला, बसका, खालचा, त्यांचा. मला वाटलं आता ते हसतील. ते उठले, देव्हाऱ्यापाशी गेले आणि मागून कुंडलीची सीडी काढून आणली.

"आप्पा, कशाला आता?"

त्यांनी हाताने थांब म्हटलं. सीडी लॅपटॉपमध्ये घातली. कुंडलीचा प्रोग्रॅम मी काढून टाकला होता, तो त्यांनी पुन्हा बसवला. प्रत्येक पायरीला माझ्याकडे बघत, इथे दाबू का असं भुवईने विचारत. घंटा वाजली. श्लोक झाला. मग त्यांनी स्वतःचं बटण दाबलं.

"वाढ. पोरगी आली का?"

आवाज जागच्या जागी होता. त्यांनी तीन-चार बटणं दाबून पाहिली, लिलाव लावण्याआधी गोणीत हात घालून माल बघतात तशी. मग लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, आणि आईला खुणेने सांगितलं: आता जुळव हव्या तेवढ्या पत्रिका.

हे इथेच संपलं असतं. पण ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे शनिवारी अशाच ऑपरेशनच्या माणसांची बैठक भरायची, आणि आप्पा लॅपटॉप घेऊन तिथे गेले. तिथे एक चाचा यायचे, पेठेत पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांची बाइंडिंग करणाऱ्या घरातले. त्यांचं ऑपरेशन जुनं. ते हवा गिळून, ढेकर दिल्यासारखी ती बाहेर सोडून बोलायला शिकले होते. एका दमात दोन-तीन शब्द निघायचे, खरखरीत, पण कळायचे. त्यांनी आप्पांचा लॅपटॉप ऐकला आणि मला म्हणाले, "दुकानात... लई गोंधळ असतो. गिऱ्हाईकाला... माझं ऐकू येत नाही. मला पण... हे पाहिजे."

"पण चाचा, तुमचा आवाज भरून ठेवलेला नाही ना."

"धाकटा भाऊ आहे. फोनवर... आमच्यात लोक... चुकायचे."

पुढच्या रविवारी त्यांचा भाऊ आमच्या घरी आला, गोधड्या टांगलेल्या खोलीत बसला आणि चाचांची वाक्यं बोलला. "कापडी पुठ्ठा की साधा?" "परवा या, तयार असेल." चाचा शेजारी बसून प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, आणि एखादं आवडलं नाही की भावाच्या गुडघ्यावर चापट मारायचे: असं नाही, मी असं म्हणायचो. भाऊ पुन्हा म्हणायचा. शेवटी तो म्हणाला, "भाईजान, तुमच्यासारखं बोलता बोलता मला माझंच बोलणं आठवेना."

चाचांचं ऐकून आणखी काही जणांनी मागितलं. कुणी बायकोच्या आवाजात, कुणी मुलाच्या. मी सगळ्यांना आप्पांसारखाच स्टॅटिक बांधून दिला. आणि मग वर्षा-दोन वर्षांत आमच्या प्रमुखांनी सांगितलेलं सगळं घडलं. काही नव्या कॉम्प्युटरवर वाक्याचा पहिला तुकडा गळायला लागला. चाचांचं "परवा या" तिकडे "वा या" व्हायचं, आणि गिऱ्हाईक गोंधळायचं. चूक लायब्ररीत होती आणि लायब्ररीच्या कर्त्यांनी ती दुरुस्तही केली होती. पण माझे सगळे प्रोग्रॅम आपापल्या पोटात जुनी लायब्ररी घेऊन बसले होते. प्रत्येक पुन्हा बांधायचा, सीडीवर घ्यायचा, घरी नेऊन बसवायचा.

मी रविवारी स्कूटर काढून निघायचे. कोंढवा, भवानी पेठ, हडपसर, औंध. प्रत्येक घरी आधी चहा. मग लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि घरातली सगळी माणसं भोवती जमायची. एका घरी आजोबांच्या प्रोग्रॅममध्ये नातीने स्वतःचा आवाज भरला होता, आणि सहा फुटी आजोबा "ए, माझी छत्री कुठंय?" असं चिमुकल्या आवाजात विचारायचे. ती आता मोठी झाली होती, तिला लाज वाटायची, नवं भरून देते म्हणायची. आजोबा ऐकायचे नाहीत. खरं सांगायचं तर मला ते रविवार आवडायचे. पण थकायलाही व्हायचं, आणि लांबच्या घरांना माझी वाट बघावी लागायची. तेवढे दिवस त्यांची बोलणी अर्धवट गळत राहायची.

"आता?" आमच्या प्रमुखांनी विचारलं. एवढंच.

पुष्कळ विचार करून मी शेवटी वेगळा मार्ग काढला. लायब्ररी पुन्हा वेगळ्या फाईलमध्ये काढली, म्हणजे डायनॅमिक केली. पण सगळ्यांच्या सामायिक जागेत न ठेवता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, त्याच्या शेजारीच ठेवली. कुंडलीवाल्याने सामायिक जागेत काहीही बदललं तरी इकडे हात लागणार नाही, आणि चूक निघाली तर मी ती एकच छोटी फाईल ईमेलने पाठवली की घरातलं कुणीही ती जागेवर ठेवील. चाचांच्या भावाने ती पहिल्याच झटक्यात बदलली आणि मला फोन करून ऐकवलं: "परवा या, तयार असेल." पूर्ण वाजलं. पलीकडे चाचांनी टाळी वाजवलेली मला ऐकू आली.

राहिले आप्पा. त्यांना मी सगळं समजावलं. त्यांच्या लॅपटॉपवर ती चूक येतच नव्हती, पण उद्या नवा घेतला तर येईल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आता ते टाईप करायला शिकले होते, पडद्यावर एकेक अक्षर उमटलं, "त्यांचं ठीक. माझं हाय तसं राहू दे."

"आप्पा, पण सगळ्यांचं एकच असलं की मला सोपं जाईल."

"तुला सोपं, ते खरं," त्यांनी टाईप केलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

ऑफिसात मी म्हणाले की दोन्ही प्रकार सांभाळणार आहे. प्रमुख म्हणाले, "एका प्रोग्रॅमची दोन बिऱ्हाडं. शास्त्रात बसत नाही." मी म्हणाले, "बसत नाहीच." त्यांनी खांदे उडवले. आप्पांचा प्रोग्रॅम मी शेवटपर्यंत वेगळाच बांधत राहिले, एका माणसासाठी, जाडजूड. माझं लग्न झालं, मी बाणेरला राहायला गेले. पत्रिका अर्थातच जुळली नव्हती. आई म्हणाली, त्या सीडीवर विश्वास कोण ठेवतो.

चाचांनी आणखी एक केलं. शनिवारच्या बैठकीनंतर ते आप्पांना घेऊन बागेत बसायला लागले. बैठकीत बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्या शिकवायच्या ते व्यायाम आप्पांना लाजेपोटी जमत नव्हते. चारचौघांत ढेकर द्यायचे म्हणजे काय. चाचांनी त्यांची लाज घालवली. दोघं बाकावर बसून हवा गिळायचे आणि सोडायचे. जाणारी-येणारी माणसं बघायची. आई म्हणायची, "दोन म्हातारे बागेत ढेकर देत बसतात, आणि वर सांगतात शाळेत जातो." महिने गेले, आप्पांच्या तोंडून एखादा अर्धा शब्द फुटायचा. मी माहेरी गेले की मला दाखवायचे नाहीत. तयार झाल्याशिवाय माल दाखवायचा नाही, असा त्यांचा बाणा.

एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. हिंजवडीच्या चौकात बस नेहमीसारखी अडकलेली. माझा फोन वाजला, नंबर धायरीचा. मी "हॅलो आई" म्हटलं. पलीकडून नुसती खरखर. मग एक आवाज, रेतीतून चालल्यासारखा.

"आई... न्हाय."

मला कळेना. मला वाटलं लाईन खराब आहे. "कोण बोलतंय?"

"मी... हाय."

मागे आई हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम, आणि मोठ्याने सांगत होती, "अगं, ओळखलं नाहीस का? अगं!" मी सीटवरून उभी राहिले. शेजारच्या मुलीने माझी पर्स पडताना धरली.

"आप्पा?"

"कुठं... हायस?"

"बसमध्ये. चौकात अडकलेय, आप्पा. गाडी हलतच नाहीये."

पलीकडे त्यांनी हवा गिळलेली मला ऐकू आली. ते सावकाश पुढचे शब्द जमवत होते. मी थांबले. सगळी बस हॉर्नच्या आवाजात उभी होती.

"रविवारी... ये. दोडका... करतीय ती."

"मला दोडका आवडत नाही, आप्पा."

"मला पण," ते म्हणाले. तेवढे शब्द एका दमात निघाले, आणि मागून आईने त्यांना काहीतरी सुनावलेलं मला ऐकू आलं.